बसायचा नवस

"आता तुम्ही मोकळ्या," असं डॉक्टर म्हणाले आणि त्या दिवसापासून मी खरी अडकले. आजार होता तोवर सगळं ठरलेलं होतं. अमक्या दिवशी नगरला जायचं, तमक्या दिवशी सलाईन, मग घरी येऊन उलट्या, तोंडाला चव नाही, जरा उभारी आली की पुन्हा नगर. गर्भाची पिशवी काढली, मग केमो झाली, मग किरणांचा शेक झाला. या सगळ्यात मला कुणी काही विचारत नव्हतं आणि मीही विचारत नव्हते. गाडीत बसवलं की बसायचं, उतरवलं की उतरायचं. ते संपलं, घरी आले, पडवीतल्या खुर्चीवर टेकले आणि कळेना की आता पुढं काय. मोकळं झालेल्या माणसानं दिवसभर करायचं काय, हे त्या कागदांवर कुठं लिहिलेलं नव्हतं.

आमचं गाव पुणतांब्यापासून जवळच, गंगेच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. जन्मभर मी अंगणवाडीत काम केलं. सकाळी पोरं गोळा करा, खाऊ शिजवा, दुपारी घरोघर फिरून बाळंतिणींची वजनं घ्या, संध्याकाळी आमच्या ह्यांच्यासोबत मळ्यात. पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडायची, असं गाव म्हणायचं. आता सत्तरीला टेकल्यावर त्याच पायांनी गल्लीच्या टोकापर्यंत जायचं तर छाती धडधडायची. माझी सून सविता गुणाची आहे, पण तिनं माझ्या हातातून झाडू काढून घेतला तो घेतलाच. पाण्याचा हंडा दिसू देईना. हे म्हणायचे, "पड की जरा. कशाला उठतीस?" आणि डॉक्टर दर खेपेला म्हणायचे, चाला. रोज चाला, जमेल तेवढं चाला, हातपाय हलते ठेवा, शीण गेला नाही तरी चाला, चालल्यानंच जाईल.

आपल्याकडे आजारी माणसाला सल्ला देताना कुणाची जीभ थकत नाही. एकीनं सांगितलं, अंगातलं रक्त आटलंय, आता फक्त आराम. दुसरी म्हणाली, जास्त हालचाल केली की उरलेलंसुरलेलं अंगभर पसरतं. तिसरीनं मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला, त्यात एक बाई रोज सकाळी पळत होती. मी सगळ्यांना हो म्हणायची. एक दिवस चालायची आणि घाबरायची की आता काही तरी बिघडलं असेल. दुसऱ्या दिवशी पडून राहायची आणि घाबरायची की पडून राहिल्यानंच ते परत येईल. कंबर दुखली की वाटायचं आलं, दम लागला की वाटायचं आलं. दमणूक कुठली आणि आजार कुठला, हे माझं मला कळेनासं झालं होतं, आणि ज्याला विचारावं तो स्वतःच्याच मनातलं सांगायचा.

त्यात माझाच एक नवस होता. केमोच्या मधल्या दिवसांत एकदा माझी अशी गत झाली की कूस बदलायची तरी दोघांनी बदलावी. माझ्या मोठ्या नणंदबाई, मी त्यांना वन्सं म्हणते, तेव्हा माझ्या उशाशी होत्या. त्या दिवशी मी मोठ्यानं बोलले, "आई, मला या खाटेवरून उठव. मी नवरात्रात तुझ्या दारात घटी बसेन." आमच्याकडे पुष्कळ बायका घटी बसतात. घट बसल्यापासून उठेपर्यंत घरी जायचं नाही, देवळातच राहायचं, उपास धरायचा, पायात काही घालायचं नाही, जमिनीवर निजायचं. मी मागितलं आणि मी खरंच उठले. उशिरानं उठले, पण उठले. वन्सं मात्र ते वाक्य विसरल्या नाहीत.

पितृपक्ष लागला तसं घरात वादाला तोंड फुटलं. तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं. ते म्हणाले, मांडी घालून दिवसभर एका जागी बसणं तुम्हाला चालणार नाही. ऑपरेशनच्या वेळी पोटातल्या रसग्रंथींच्या गाठीही काढल्यात, त्यामुळं तुमचा डावा पाय सुजायचा धोका आहे, म्हणून तर दाबाचा मोजा दिलाय. कडक उपासही नको. घरी आल्यावर सवितानं हे सगळं जसंच्या तसं वन्संना सांगितलं. वन्संचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, "डाक्टर त्याच्या जागी बरोबर हाय. पन देवीला शब्द डाक्टरनं न्हाई दिला, वहिनीनं दिलाय. फेडला न्हाई आन् दुखनं परत आलं, तर कुनाला इचारायचं?" हे उठून मळ्यात गेले. त्यांना जेव्हा काही सुचत नाही तेव्हा ते मळ्यात जातात.

खरं सांगते, मी गेले ती भक्तीनं नाही गेले, भीतीनं गेले. डॉक्टरांची भीती होती, देवीची तिच्याहून जास्त होती. सविताशी एवढाच करार झाला की भगर, दूध, फळं दोन्ही वेळा खायची आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. मोजा मात्र मी घरीच ठेवला. देवीपुढं पायात मोजा घालून कसं बसायचं, ते मनाला पटेना.

आमचं देऊळ गावाबाहेर, गंगेच्या घाटावर. गाभारा दगडी, पुढं अलीकडे बांधलेला पत्र्याचा मंडप, खाली गुळगुळीत फरशी, वर पंखे. बाया ओळीनं सतरंज्या टाकून बसतात. ज्या जागी पहिल्या दिवशी बसलीस ती जागा दसऱ्यापर्यंत तुझी. आंघोळीला, बाहेर जायला आणि आरतीला उठायचं, एरवी जागा सोडायची नाही. सोडली तर बाया म्हणतात, हिची जागा मोडली. ही रीत कुणी घातली हे मला माहीत नाही, पण लहानपणापासून ऐकत आले होते. माझी जागा खांबाजवळ मिळाली. खांबाला पाठ टेकता आली, तेवढंच सुख.

माझ्या शेजारी होती सोजरमावशी. ही पाथर्डीकडची, लेक आमच्या गावात दिलेली, म्हणून इथं घटी बसायला आली होती. ऐंशीच्या पुढची असेल. एका डोळ्यानं काहीच दिसत नव्हतं, दुसऱ्यात उजेड आहे की अंधार एवढंच कळायचं. अंगानं काडी, पण आवाज असा की गाभाऱ्यातल्या देवीनंही वळून बघावं. उपास कडक करायची आणि मिसरी मात्र दिवसभर लावायची. म्हशीबद्दल बोलायची, मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलायची, पावसाबद्दल बोलायची. पलीकडच्या बायांना सारखं काही ना काही विचारायची, त्या नाही म्हणायच्या, की ही पुन्हा म्हशीवर यायची. मला जप करायचा होता आणि हिची टकळी थांबेना. मी मनातल्या मनात चिडायची आणि मग देवीसमोर चिडले म्हणून घाबरायची.

नवरात्रात आम्ही दिवस माळेनं मोजतो, देवीला रोज एक माळ चढते तशी. दुसऱ्या माळेला माझा डावा पाय जड झाला. तिसऱ्या माळेला घोट्याचं हाड दिसेना आणि बोटातलं जोडवं रुतायला लागलं. फिरवून बघितलं तर फिरेना. पदर ओढून मी पाय झाकून घेतला. सविता सकाळ-संध्याकाळ दूध घेऊन यायची, तिच्यापासून लपवला. दुखत नव्हतं, लालही नव्हता, नुसता भरून आला होता. मी देवीच्या तोंडाकडे बघत बसले. मला म्हणायचं होतं की बाई, तुझ्यासाठी बसले तर पाय गेला, उठले तर तू जाशील, मग मी काय करू ते तरी सांग. आजवर कुणाचा एवढा राग आणि एवढी भीती मला एकदम वाटली नव्हती. समोर नंदादीप जळत होता आणि देवीचे चांदीचे डोळे होते तसेच होते.

चौथ्या माळेला सकाळी, अजून ऊन यायचं होतं, सोजरमावशीनं माझ्या गुडघ्याला हात लावला. "बाई, मला गंगेवर नेतीस का? आईला गंगेचं पानी घालायचंय."

मी म्हटलं, "मावशी, मला जागा सोडता येत नाही. आणि इथं नळ आहे की."

"नळाचं पानी तिला बारा म्हैने मिळतंय. आमच्या येळंला घटी बसनाऱ्या बाया रोज हिरीवरून पानी आनायच्या. देऊळ झाडायच्या, सारवायच्या. ह्ये दिसभर मांडी घालून बसायचं कुठून निघालं, मला तर म्हाईत न्हाई."

पलीकडची बाई डोळे न उघडता म्हणाली, "तिकडं तुमच्याकडं आसंल, आमच्याकडं न्हाई." पिशवीतून मावशीनं तांब्या काढला, खांब चाचपला, मग भिंत, मग मंडपाची कड, आणि निघाली. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं होतं, घाटाच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या होत्या आणि वरच्यांवर शेवाळ होतं. मी इकडंतिकडं बघितलं. कुणी जप करत होतं, कुणी मोबाईलवर आरत्या ऐकत होतं, कुणीही उठेना. त्यांचं तरी काय चुकलं, त्याही माझ्यासारख्याच जागा धरून बसल्या होत्या. मी पुन्हा देवीकडं बघितलं, तिनं काही सांगितलं नाही. मग मी खांबाला धरून उभी राहिले.

पायाला मुंग्या आल्या होत्या. सतरंजीच्या बाहेर पाऊल टाकलं. आता मोडलं, एवढं एकच डोक्यात होतं. घाटाच्या तोंडाशी मावशी उभी होती, एक पाऊल पुढं हवेत धरून पायरी शोधत होती. मी जाऊन तिचं कोपर धरलं. ती म्हणाली, "आलीस व्हय," जसं काही आमचं आधीच ठरलं होतं. मग आम्ही दोघी एक एक पायरी उतरलो. मी सांगायची, इथं ओलं आहे, इथं दगड हललाय, आणि ती बिनघोर पाय टाकायची. पाण्याशी बसून तिनं तांब्या भरला. मी डावा पाय घोट्यापर्यंत पाण्यात सोडला. पाणी गार होतं आणि मला रडू आलं. का आलं ते तेव्हाही कळलं नाही. चढताना माझा दम निघाला, तेव्हा मधल्या पायरीवर थांबून मावशीनं मला तिच्या म्हशीची आख्खी कहाणी ऐकवली. ती संपेस्तोवर माझा श्वास जागेवर आला होता.

पाणी देवीला घातलं, मी माझ्या जागी येऊन बसले, आणि मग खरी भीती सुरू झाली. पुढच्या ओळीत कुजबुज झाली. दुपारी वन्सं आल्या, त्यांच्या कानावर गेलंच होतं. त्या माझ्यासमोर मटकन बसल्या. "वहिनी, काय केलं ह्ये? आता चारच माळा झाल्या हुत्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या रागानं बोलल्या असत्या तर मी भांडले असते, पण त्या खरंच माझ्यासाठी घाबरल्या होत्या. माझ्या आजारात या बाईनं माझी उलटी ओंजळीत झेललेली आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की ती पडली असती, वन्सं. त्या म्हणाल्या, "आगं पन त्यासाठी दुसरं कुनी उठलं आसतं." उठलं असतं का, ते मला आजही सांगता येत नाही. दिवसभर मी शिक्षेची वाट बघत बसले. कळ येईल, रक्त दिसेल, घरून काही वाईट निरोप येईल, असं काही काही मनात येत राहिलं.

संध्याकाळी आरतीला उभी राहिले आणि सवयीनं पायाच्या अंगठ्यानं जोडवं चाचपलं. ते थोडंसं फिरलं. मला वाटलं मनाचा खेळ आहे. आरती झाल्यावर खाली बसून हातानं फिरवून पाहिलं, तर ते सकाळपेक्षा सैल होतं. मी कुणाला बोलले नाही. बोलायचं काय, मला आनंद करावा की नाही तेच ठरत नव्हतं. नवस मोडला आणि पाय उतरला, याचा अर्थ काय लावायचा?

पाचव्या माळेला सकाळी मावशीनं पुन्हा गुडघ्याला हात लावला. "चल." मी म्हटलं, एकदा मोडलेलं पुन्हा काय मोडणार, आणि उठले. ती फेरी नेमकी सवितानं पाहिली. दुधाची किटली घेऊन ती घाटाच्या वर उभी होती आणि आम्ही दोघी म्हाताऱ्या एकमेकींना धरून वर येत होतो. मला वाटलं आता ही ओरडणार. तिनं किटली खाली ठेवली, खाली उतरून माझा दुसरा हात धरला आणि हसायला लागली. मग पाय बघितला आणि तिचं हसू गेलं. तिनं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. दुखतोय का, लाल झालाय का, गरम लागतोय का, ताप आहे का, त्यांनी सगळं विचारलं. काहीच नव्हतं. ते म्हणाले, मग चालताहेत ते चालू द्या, पण मोजा घाला, पायाला जखम होऊ देऊ नका, यातलं काही दिसलं तर लगेच या, नाहीतर दसऱ्यानंतर दाखवायला या. सविता तासाभरात मोजा घेऊन हजर. मावशीनं माझी पोटरी चाचपली आणि म्हणाली, "ह्ये काय गं, पायाला बी सोवळं नेसिवलंस?" मी आजारी पडल्यापासून एवढी हसले नव्हते. शेजारच्या बायाही हसल्या.

त्यानंतर मात्र मावशीनं मला बसूच दिलं नाही. सकाळी गंगा, मग गुळणी करायला नळ, मग वारा खायला गावाच्या वाटेवरच्या कडुलिंबाखाली, दुपारी पारावर भजन चाललेलं असायचं तिथं, संध्याकाळी पुन्हा गंगा. मी टेकते न टेकते तोच गुडघ्यावर हात. मला कधी कधी भारी राग यायचा. एवढ्याशा देवळात या बाईला इतकी कामं सुचतात तरी कशी, असं वाटायचं. पण सातव्या माळेपर्यंत माझ्या लक्षात आलं की मधल्या पायरीवर मला थांबावं लागत नाही. म्हशीची गोष्ट आता चढता चढताच ऐकू येते. घोट्याचं हाड दिसायला लागलं होतं. मी दमायची, पण ती दमणूक ओळखीची होती, मळ्यातून आल्यावर यायची तशी. झोप लागायची.

तरी मन काही निवळलं नाही. देवीला मी चालायलाच हवी होते, तर तिनं माझ्या तोंडून बसायचा नवस का वदवला? आणि बसायलाच हवी होते, तर ही बाई माझ्याच शेजारी का आणून ठेवली? मी पुजारीबुवांना विचारलं. ते म्हणाले, "ज्याची जशी श्रद्धा, ताई." एवढं तर मला घरी बसूनही कळत होतं. मी आणखी गोंधळून जागेवर आले, आणि बसते न बसते तो गुडघ्यावर हात.

दसऱ्याला घट उठले. घटाभोवतीच्या मातीत गव्हाचे कोंब वीतभर वाढले होते, बाया ते केसांत खोवत होत्या. मावशीची लेक तिला न्यायला आली, बाहेर रिक्षा उभी होती. मावशी पिशवी आवरत होती. आता विचारलं नाही तर राहून जाईल, म्हणून मी तिच्याजवळ बसले. आजार, खाट, नवस, सगळं तिला पहिल्यांदाच सांगितलं. इतक्या दिवसांत तीच बोलत होती, माझ्या आजाराचं तिला काहीही माहीत नव्हतं. शेवटी विचारलं, "मावशी, माझा नवस मोडला का हो?"

तिनं पिशवीच्या तोंडाला गाठ मारली. मग म्हणाली, "मला आंधळीला काय दिसतंय, बाई. त्ये तू तिलाच इचार. मला माझंच म्हाईत. पयल्या माळंला मी आईला म्हनले, डोळे देऊ नको, आता बघायचं काय ऱ्हायलंय. पन तुला पानी घालायला हात धरनारं एक मानूस दे. दोन दिस, तीन दिस ह्या बाजूच्या बायांना इचारलं, समद्या न्हाई म्हनल्या. म्या म्हनलं, आईच्या मनात न्हाई. चौथ्या माळंला तू कोपर धरलंस." तिनं माझा हात चाचपून धरला, मनगटापासून वर कोपरापर्यंत. "तुझा नवस तुझ्यापाशी. माझं मागनं तिनं पुरं केलं." एवढं बोलून ती लेकीच्या आधारानं उठली आणि रिक्षात बसली.

मी मंडपात तशीच बसून राहिले. इतके दिवस मी देवीकडे बघत होते ते एकाच गोष्टीसाठी, की माझ्याकडे कुणी येईल, मला काही खूण मिळेल, माझं काय ते ठरेल. आजारापासून माझं सगळं बोलणं माझ्याच देहाबद्दल होतं. माझा पाय, माझं रक्त, माझा नवस. आणि शेजारी एक बाई तीन दिवस एका माणसाची वाट बघत बसली होती, आणि ते माणूस मी होते, हे मला माहीतच नव्हतं. जे शरीर मी निकामी धरून चालले होते, ते कुणीतरी मागून घेतलं होतं. हे कळल्यावर मला खूप रडू आलं. वन्सं शेजारी येऊन बसल्या. त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

नंतर नगरला गेलो तेव्हा डॉक्टरांनी टेपनं पाय मोजला. म्हणाले, चांगलं आहे, काय केलंत? सविता म्हणाली, घाट उतरल्या आणि चढल्या. ते म्हणाले, मग तेच करत राहा. त्यांच्या दृष्टीनं त्यात काही चमत्कार नाही आणि मीही तसं म्हणत नाही. पाय हलला की सूज उतरते, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. मला फक्त एवढंच कळत नाही की त्यांचं सांगणं माझ्या पायांपर्यंत पोचायला पाथर्डीची म्हातारी का लागली.

वन्संचं म्हणणं आहे की पुढच्या नवरात्रात मी पुन्हा घटी बसावं, म्हणजे शंका नको. मी त्यांना हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही. तपासणीची तारीख जवळ आली की अजून रात्री जागते. कंबर दुखली की अजून पहिला विचार तोच येतो. भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण रोज सकाळी मोजा चढवते, चपला घालते आणि तांब्या घेऊन गंगेवर जाते. हेही हल्ली मागून येतात आणि कुरकुरतात की तुझ्यामागं यायला दम लागतो. ज्या दिवशी अंगात त्राण नसतं त्या दिवशी लिंबापर्यंतच जाते, तिथून देवीला हात जोडते आणि परत येते. तेवढं तिला चालत असावं.

नवस फिटला की मोडला, ते मला कळलेलं नाही. ते तिच्यावर सोडलंय, कारण माझ्याच्यानं ते सुटत नाही. घाटाच्या पहिल्या पायरीवर आले की माझा उजवा हात आपोआप बाजूला जातो, कुणाचं तरी कोपर धरायला. तिथं कुणी नसतं. मी क्षणभर थांबते आणि मनात म्हणते, आई, कुणी हात धरणारं माणूस मागितलं असेल तर सांग, मी उठेन. मग उतरते, तांब्या भरते आणि वर येते.